सुंतेवर बंदी घालावी का?

मंडळी, जर्मनीत कोलोन नावाचं शहर आहे. तिथं एका डॉक्टरनं चार वर्षांच्या मुसलमान मुलाची सुंता केली. दोन दिवसांनी रक्तस्राव झाला, पोराला दवाखान्यात न्यावं लागलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मे २०१२ मध्ये निकाल लागला. डॉक्टर सुटले, कारण कायदाच तोवर स्पष्ट नव्हता. पण कोर्टानं म्हटलं, आईबापांच्या धर्माखातर लेकराच्या शरीरात कायमचा बदल करणं ही इजाच. मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवील.

ज्या देशात ज्यूंना वेचून मारलं, तिथल्याच कोर्टानं त्यांचा जन्मानंतर आठव्या दिवशीच्या सुंतेचा विधी गुन्ह्याच्या रांगेत बसवला! गहजब झाला. डिसेंबरात संसदेनं कायदा केला. आईबापांना मुभा, पण वैद्यकशास्त्राचे नियम पाळून. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर धर्मसमाजानं नेमलेला, रीतसर शिकलेला माणूसही सुंता करू शकतो. मुलाच्या हिताला धोका असेल, तर मुभा नाही. पुढं २०१८ मध्ये आइसलँडच्या संसदेत सहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचं विधेयक आलं होतं, ते बारगळलं.

आठवा दिवस म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. पण अलिबागकडं तेलाचा घाणा चालवणारे शनवार तेली होते, म्हणजे बेने इस्रायल, आपले कोकणातले ज्यू. हिब्रू विसरले, घरीदारी मराठी बोलू लागले. तरी शनिवारी घाणा बंद आणि आठव्या दिवशी सुंता, हे काही सुटलं नाही. कोकणात कुणी त्यावरून त्यांच्या वाटेला गेल्याचं ऐकिवात नाही.

आता आपली घटना. पंचविसावं कलम धर्मस्वातंत्र्य देतं, पण सुरुवातीलाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट घालतं. धर्म म्हटलं की सरकारनं हात बांधून बसायचं, असं नाही. हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९२० साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा केला. देवाच्या नावानं चाललंय म्हणून गप्प बसले नाहीत. त्याच महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. तिचं बोर्डिंग दसरा चौकात आहे, सगळ्यांनी पाहिलंय. मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ मला म्हणाले, ‘महाराज असते तर सुंतेवरही बंदी घातली असती.’ अहो, जोगतीण म्हणून सोडलेल्या पोरीचं अख्खं आयुष्य जात होतं. सुंता झालेला पोरगा शाळेत जातो, तालमीत जातो, संसार करतो. दोन्हींना एकच माप लावायचं? आणि खरं सांगू का, बंदी मागणाऱ्या काहींना पोराच्या दुखण्यापेक्षा त्याच्या बापाच्या टोपीचा त्रास जास्त असतो.

तरीही कोलोनच्या कोर्टाचा प्रश्न शिल्लक राहतो. कातडी लेकराची, निर्णय दुसऱ्याचा. ‘आपण कान टोचतोच की’ हे उत्तर मला पुरत नाही. कानाचं भोक बुजू शकतं, कापलेली कातडी परत येत नाही. म्हणून माझा आग्रह बंदीचा नाही, पण कडक नियमांचा आहे. भूल न देता, घरातल्या घरात उस्तऱ्यानं उरकायचं, हे थांबलं पाहिजे. करणारा शिकलेला हवा, हत्यारं निर्जंतुक हवीत, आणि घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार आहे का, हे आधी विचारलंच पाहिजे. ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात तर फार जुना दाखला आहे: दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील, तर तिसऱ्याची करायची नाही. जीव वाचवण्यासाठी धर्मानंच दिलेली ही सूट आहे. आपल्याकडच्या मौलवींनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून असे नियम ठरवले, तर कोर्टाची पायरी चढायची वेळही येणार नाही.

चिठ्ठी आलीय, ‘मुलींच्या खतन्याचं काय?’ खतना म्हणजे मुलीच्या गुप्तांगाचा भाग कापणं; ते प्रकरण निराळं आहे. त्यात आरोग्याचा काडीचा फायदा नाही, अपायच आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं दाऊदी बोहरा समाजातल्या बायकांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न घटनापीठाकडं पाठवला. तिथं मी बंदीच्याच बाजूचा आहे, आणि त्यात पण-बिण काही नाही. द्या पुढची चिठ्ठी.