परदेशात एक सत्र : यादीतला विषय गुणपत्रकावर कसा येतो

(पडद्यावर : प्रवासी जहाजाचं जुनं छायाचित्र)

जुलै १९२३. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे ८ विद्यार्थी 'रोशाम्बो' नावाच्या जहाजातून फ्रान्सला निघाले. बरोबर त्यांचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड होते. आधी नान्सी शहरात भाषेची तयारी, मग पॅरिसला सोर्बोन विद्यापीठात वर्ग. शिकायला परदेशी जाण्याची प्रथा तर शेकडो वर्षांची. या आठ जणांच्या बाबतीत नवीन काय होतं? फ्रान्समध्ये काढलेलं वर्ष त्यांच्या डेलावेअरच्या पदवीत धरलं जाणार होतं.

आज शंभर वर्षांनंतरही खरी मेख तिथंच आहे. परदेशी विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसणं त्यामानानं सोपं. तिथं शिकलेला विषय आपल्या गुणपत्रकावर, योग्य नावानं आणि पुऱ्या क्रेडिटनं (क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं माप) उतरवून घेणं अवघड. आणि ते काम विमानात बसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

(पडद्यावर : विद्यापीठाच्या विषयांची यादी, खाली सरकत जाणारी)

यजमान विद्यापीठाची, म्हणजे आपण जिथं जाणार त्याची, यादी उघडली की शेकडो विषय दिसतात. त्यातले आपल्याला खुले किती, हे मात्र यादी सांगत नाही. सगळ्यात आधी पाहायचा तो करार. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार पुष्कळदा दोन विभागांमध्ये झालेला असतो, पूर्ण विद्यापीठांमध्ये नव्हे. अभियांत्रिकी विभागाच्या करारावर गेलेल्या विद्यार्थ्याला व्यवस्थापनाच्या विभागात जागा मिळेलच असं नाही. वैद्यक, कायदा आणि व्यवस्थापन या शाखा तर बाहेरच्यांसाठी अनेक ठिकाणी बंदच असतात. म्हणून आपल्या परदेश-शिक्षण कार्यालयात पहिला प्रश्न हा विचारावा : करार कोणत्या विभागाशी आहे, आणि त्या विभागाबाहेरचे किती विषय घेता येतात? स्वतः शुल्क भरून पाहुणा विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला कधी कधी जास्त मोकळीक असते. तीही लेखी विचारून घ्यावी.

मग यादीवरचं वर्ष बघा. अर्ज भरताना समोर असते ती बहुतेक वेळा चालू वर्षाची यादी, आणि आपण जाणार पुढच्या वर्षी. विषय एका वर्षाआड शिकवला जात असेल, शिकवणारे प्राध्यापक रजेवर असतील, किंवा वसंत सत्रातला विषय शरद सत्रात गेला असेल. विषयाच्या नावापुढे सत्र लिहिलेलं असतं. ते न वाचताच निवड केली जाते आणि पोचल्यावर कळतं की हा विषय सहा महिन्यांनी आहे.

पातळीचे आकडेही देशागणिक बदलतात. अमेरिकेत साधारणपणे १०० च्या घरातले विषय पहिल्या वर्षाचे, ३०० आणि ४०० च्या घरातले वरच्या वर्षांचे, ५०० पासून पुढे पदव्युत्तर. इंग्लंडमध्ये पदवीची तीन वर्षं म्हणजे पातळी ४, ५ आणि ६. सातवी पातळी पदव्युत्तर. मूळ विद्यापीठाला, म्हणजे तुमची पदवी देणाऱ्याला, तिसऱ्या वर्षाचे क्रेडिट हवे असतील आणि तुम्ही सोपा म्हणून चौथ्या पातळीचा विषय उचललात, तर तो उत्तीर्ण होऊनही मोजला न जाण्याची शक्यता मोठी.

विषय घेण्याआधी काय शिकलेलं असावं, या पूर्वअटींपाशी बरेच अर्ज अडकतात, आणि कारण बहुधा साधं असतं. समोरच्या प्राध्यापकांना तुमच्या गुणपत्रकावर 'सांख्यिकी १' एवढंच दिसतं. त्यावरून त्यांना काय कळणार? त्याऐवजी एक पान पाठवा : कोणते घटक शिकलात (संभाव्यतेची वितरणं, गृहीतक-चाचणी, समाश्रयण), किती तास झाले, कोणतं पाठ्यपुस्तक होतं, प्रात्यक्षिक कोणत्या सॉफ्टवेअरवर केलं. असं पान वाचून पूर्वअट शिथिल करणारे प्राध्यापक पुष्कळ असतात. त्यांचा होकार ईमेलवर घ्या आणि तो ईमेल जपून ठेवा, कारण नोंदणीची संगणक-प्रणाली तुम्हाला अडवेलच. ती उघडून देणारा कारकून तोच ईमेल मागेल.

भाषेचा रकानाही नीट वाचावा लागतो. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या आहेत, ए१ पासून सी२ पर्यंत. स्थानिक भाषेतून शिकवल्या जाणाऱ्या विषयांसाठी विद्यापीठं सहसा बी२ मागतात. मोठ्या व्याख्यानात बी२ वर निभावून जातं. चर्चासत्रात, जिथं पंधरा जण बसून वाद घालतात आणि बोलण्यालाही गुण असतात, तिथं ते तोकडं पडतं. पहिल्यांदाच परक्या भाषेतून शिकणार असाल, तर लेखी परीक्षेचे एक-दोन विषय आणि बाकीचे इंग्रजीतले, ही वाटणी झेपते.

(पडद्यावर : फळ्यावर आकडे)

आता क्रेडिट. इथं मात्र सावकाश चालू या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

युरोपात १९८९ पासून ईसीटीएस नावाची, क्रेडिट मोजण्याची आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेण्याची पद्धत आहे. १९८७ साली सुरू झालेल्या 'इरॅस्मस' या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेसाठीच ती तयार झाली. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, सत्राचे ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, आणि त्यात वर्ग, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी असं सगळं येतं. म्हणजे ३० क्रेडिटचं सत्र साडेसातशे ते नऊशे तासांचं. ब्रिटनमध्ये तेच वर्ष १२० क्रेडिटचं, त्यामुळे तिथले दोन क्रेडिट म्हणजे युरोपातला एक. अमेरिकेत सत्राला सुमारे १५, पदवीला साधारण १२०. जपानमध्ये पदवीला किमान १२४, आणि तिथं एक क्रेडिट ४५ तासांच्या अभ्यासाचं. ऑस्ट्रेलियात तर एकाच देशात एकवाक्यता नाही : मेलबर्न विद्यापीठात विषय सहसा १२.५ क्रेडिटचा, सिडनी विद्यापीठात ६ चा.

हे आकडे एकमेकांशी ताडत बसू नका. सत्राचा हिस्सा मोजा. मेलबर्नला सत्राचे ५० होतात, म्हणून १२.५ म्हणजे पाव सत्र. सिडनीला सत्राचे २४, म्हणून ६ म्हणजेही पाव सत्र. दोन्ही विषय सारख्याच वजनाचे. युरोपातला ७.५ क्रेडिटचा आणि ब्रिटनमधला १५ क्रेडिटचा विषयही तेवढाच. प्रत्येक विषय 'पूर्ण सत्राचा कितवा भाग' असा लिहिला की गोंधळ संपतो.

फटका कुठं बसतो ते पाहा. मूळ विद्यापीठ अमेरिकी पद्धतीचं आहे आणि पदवीसाठी ४ क्रेडिटचा एक विशिष्ट विषय लागतो. सत्राच्या हिशेबानं त्याचे ईसीटीएस होतात ८. यजमान विद्यापीठातला जुळणारा विषय आहे ६ चा. तो मान्य झाला तरी पदरात पडतात ३ क्रेडिट, आणि उरलेल्या एका क्रेडिटसाठी शेवटच्या वर्षी जादा विषय घ्यावा लागतो. असे तीन विषय झाले, तर पदवीच लांबू शकते. ही तूट आधीच दिसली, तर त्याच प्राध्यापकांकडे एखादा छोटा प्रकल्प जोडून ती भरून काढता येते. नंतर कुणी भरून देत नाही.

कमीत कमी भाराचा नियमही असतो, आणि तो व्हिसाशी बांधलेला असू शकतो. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. त्या पूर्ण भारात ऑनलाइन विषय धरला जातो तो एकच, फार तर ३ क्रेडिटचा. अवघड वाटतो म्हणून विषय सोडताना आधी ही बेरीज करावी.

(पडद्यावर : भिंतीवरचं कॅलेंडर, ऑक्टोबरवर खूण)

विषयाचं माहितीपत्रक उलट्या बाजूनं वाचावं असं आम्ही आवर्जून सांगतो. आधी परीक्षा कधी आणि कशी, मग बाकीचं. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, आणि परीक्षा त्याच्या आसपास किंवा नंतर. मूळ विद्यापीठाचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल, तर हे दोन्ही एकावर एक येतात. ब्रिटनमध्ये वर्षभर चालणाऱ्या विषयाची परीक्षा मे-जूनमध्ये असते आणि शरद सत्रापुरता आलेला विद्यार्थी डिसेंबरात परततो. त्याच्यासाठी परीक्षेऐवजी निबंधाची सोय काही विभाग करतात. मात्र ती मागावी लागते, आणि सत्राच्या सुरुवातीलाच. फेरपरीक्षेची तारीखही याच वेळी पाहून ठेवा. ती तुम्ही परत गेल्यावर असेल, तर त्या विषयात तुम्हाला एकच संधी आहे हे गृहीत धरा.

वेळापत्रकाची घडणही निराळी असते. स्वीडनमध्ये अनेक विषय एकामागून एक शिकवले जातात : पाच आठवडे एकच विषय, ७.५ क्रेडिट, परीक्षा, मग दुसरा. चार-पाच विषय समांतर शिकण्याची सवय असलेल्याला हे सुखाचं वाटतं, पण तिथं एक आठवडा आजारी पडलात, तर विषयाचा पाचवा भाग गेला. आणि अशा ठिकाणी निवडताना दोन विषय एकाच पाच आठवड्यांत येत नाहीत ना, एवढं तपासायचंच.

(पडद्यावर : सहीसाठी ठेवलेला कागद)

हे सगळं जमून येतं ते शिक्षण-करारात, म्हणजे तुमच्या विषयांच्या लेखी करारात (लर्निंग अ‍ॅग्रीमेंट). इरॅस्मसच्या नमुन्यात त्याचे दोन तक्ते आहेत : 'अ' मध्ये तिकडे घेणार ते विषय, 'ब' मध्ये त्यांच्या बदल्यात इकडे काय मान्य होणार ते. सह्या तीन : विद्यार्थी, मूळ विद्यापीठ, यजमान विद्यापीठ. विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष 'अ' वर असतं. तुमचं भवितव्य 'ब' मध्ये आहे. तिथं 'ऐच्छिक विषय' असं मोघम लिहिलेलं असेल, तर कोणत्या गटातला ऐच्छिक, किती क्रेडिटचा, हे लिहून मागा. इरॅस्मसबाहेर जाणाऱ्यांसाठी फॉर्म वेगळा असेल, पण हेच दोन रकाने त्यातही हवेत.

आणि गरजेपेक्षा जास्त विषय मंजूर करून ठेवा. ३० क्रेडिट हवे असतील, तर ४५ ते ५० क्रेडिटचे विषय तपासून, माहितीपत्रकासह विभागाकडून मान्य करून घ्यावेत. पोचल्यावर दोन विषय तरी गळतात : जागा भरतात, तास एकमेकांवर येतात, विषय रद्द होतो. पर्यायाला मान्यता आधीच असली की पहिला आठवडा पळापळीत जात नाही.

विषय बदलायची मुदत अमेरिकी विद्यापीठांत साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांची. त्या मुदतीत सोडलेला विषय गुणपत्रकावर दिसत नाही. नंतर सोडला तर माघारीची खूण राहते. विषय बदललात, तर शिक्षण-करारही बदला, त्याच आठवड्यात. जुन्या करारावर जुना विषय आणि गुणपत्रकावर नवा, एवढ्या विसंगतीवर मान्यता अडते.

जर्मनीत आणखी एक खाच आहे. वर्गासाठी नाव नोंदवणं आणि परीक्षेसाठी नोंदवणं या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि परीक्षेच्या नोंदणीची मुदत सत्राच्या मध्येच कुठेतरी संपते. पूर्ण सत्र हजेरी लावून परीक्षेला बसता न येणं, इतकं वाईट दुसरं काही नाही. सत्राच्या पहिल्या दिवशीच ती तारीख वहीत लिहा.

(पडद्यावर : वेगवेगळ्या देशांची गुणपत्रकं शेजारी शेजारी)

गुणांबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण, आणि १६ म्हणजे अत्युत्तम. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० शेवटची उत्तीर्ण श्रेणी. डेन्मार्कमध्ये सर्वात वरची श्रेणी १२. ब्रिटनमध्ये सत्तरच्या पुढे प्रथम वर्ग. फ्रान्सचे १४ सरळ टक्क्यांत बदलून ७० केले, तर चांगल्या विद्यार्थ्यावर अन्यायच होतो. मूळ विद्यापीठ गुण बदलून घेतं, की नुसतं 'उत्तीर्ण' लिहितं, हे जाण्याआधी विचारा. नुसतं 'उत्तीर्ण' लिहीत असेल, तर धाडसानं अवघड विषय घ्यायला हरकत नाही.

परतल्यावर मान्यतेचा वाद झाला, तर एक आधार आहे. १९९७ च्या, परदेशी शिक्षणाच्या मान्यतेबद्दलच्या लिस्बन करारानुसार सदस्य देशांत परदेशातला अभ्यासकाल मान्य करायचा असतो, जोवर 'ठळक फरक' दाखवला जात नाही, आणि तो फरक सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे. विषयाचं नाव वेगळं आहे, एवढ्यानं तो सिद्ध होत नाही.

पण वाद घालायला हातात कागद हवेत. इरॅस्मसमध्ये निकाल लागल्यावर साधारण पाच आठवड्यांत गुणपत्रक पाठवायचं असतं. इतरत्र ते मागून घ्यावं लागतं. त्यासोबत प्रत्येक विषयाचं त्याच वर्षाचं माहितीपत्रक, वाचनाची यादी, तपासलेले निबंध आणि प्रात्यक्षिकाची वही लागते. यातलं बरंचसं विद्यापीठाच्या पोर्टलवर असतं, आणि सत्र संपल्यावर तुमचं खातं बंद होतं. शेवटची परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी सगळं उतरवून घ्या.