हे लेखकाला कसं कळलं?

(मंडळाच्या बडोद्यातल्या मेळाव्यात पालकांसमोर केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळींनो, नमस्कार. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातून आलेल्यांना आणि सुटीपुरते परदेशातून आलेल्या कुटुंबांनाही.

विषय आहे मुलांनी विसाव्या शतकाचा इतिहास गोष्टींच्या पुस्तकांतून आणि माहितीपर पुस्तकांतून कसा शिकावा. इथली आपली मुलं शाळेत गुजरातीतून किंवा इंग्रजीतून शिकतात, बाहेरची मुलं आणखी कुठल्या भाषेतून. हिटलर सगळ्यांना माहीत असतो. पण ज्या गावात आजी-आजोबा राहतात ते गाव १९४९ पर्यंत वेगळं संस्थान होतं, मग अकरा वर्षं मुंबई राज्यात होतं आणि १ मे १९६० ला गुजरातेत आलं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलाच्या हातात आधी कादंबरी द्यावी, असं माझं ठाम मत आहे. सनावळीने सुरुवात केली की मूल पाठ करतं आणि परीक्षेनंतर विसरतं. कादंबरीतल्या मुलीला रेशनच्या रांगेत उभं राहावं लागलं, की रेशन का आलं हा प्रश्न तिच्याकडूनच येतो. पण कादंबरीवर थांबलं, तर लेखकाने सोयीसाठी बदललेली गोष्ट मुलाच्या डोक्यात खरी म्हणून कायमची बसते. म्हणून कादंबरीच्या जोडीला त्याच काळावरचं एक माहितीपर पुस्तक हवं, आणि दोन्ही वाचताना एकच प्रश्न विचारायची सवय हवी: हे लेखकाला कसं कळलं?

या प्रश्नाची आपल्याला जास्तच गरज आहे. मराठीत चरित्रात्मक कादंबरीची परंपरा दांडगी आहे. राजा मध्यरात्री एकटाच सज्जात उभा राहून मनाशी काय बोलला, हे आपण पानंच्या पानं वाचतो आणि पुढे इतिहास म्हणून सांगतो. दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं, की संवाद दिसला की विचार, हे ऐकायला तिथे कोण होतं? कुणीच नसेल तर ते लेखकाने रचलंय. त्यात वाईट काही नाही, फक्त ते रचलेलं आहे एवढं कळायला हवं.

साडाकोची गोष्ट घ्या. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा साडाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी, ती गेली. हजार कागदी करकोचे केले तर बरं वाटतं या समजुतीने ती दवाखान्यात करकोचे करत राहिली. तिच्यावरचं जे इंग्रजी पुस्तक जगभर वाचलं गेलं, त्यात ती ६४४ करकोचे करून जाते आणि उरलेले मैत्रिणी पूर्ण करतात. प्रत्यक्षात तिने हजार पूर्ण केले आणि त्यापुढेही केले, असं तिचे घरचे आणि हिरोशिमाचं संग्रहालय सांगतं. मुलांना दोन्ही सांगा आणि विचारा, लेखिकेला हजार का नको होते? मुलं बरोबर उत्तर देतात: अपुरं राहिलं की जास्त रडू येतं. खरं तर हजार करूनही ती वाचली नाही, हे त्याहून जड आहे. मोठी मुलं याच्यावर बराच वेळ बोलतात, बोलू द्यावं.

काही पुस्तकांत मात्र बदल एवढ्यावर थांबत नाही. ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ मध्ये छळछावणीच्या कुंपणापाशी दोन नऊ वर्षांची मुलं दिवसेंदिवस गप्पा मारतात. ऑशविट्झमध्ये त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना उतरल्या दिवशीच गॅसच्या खोलीत मारलं जाई, आणि कुंपणात वीज सोडलेली असे. तिथल्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं, की हा इतिहास शिकायचा असेल तर हे पुस्तक टाळा. मीही तेच सांगेन. त्याऐवजी अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी द्या, मराठीत आहे. १२ जून १९४२ पासून १ ऑगस्ट १९४४ पर्यंतच्या नोंदी. ४ ऑगस्टला सगळे पकडले गेले. मार्च १९४४ मध्ये तिने रेडिओवर ऐकलं, की युद्धानंतर लोकांच्या रोजनिश्या जमा करणार आहेत, आणि तिने स्वतःच आधीची पानं सुधारून लिहायला घेतली. म्हणजे रोजनिशीसुद्धा कधी कधी वाचकासाठी लिहिलेली असते. छावण्यांचा विषय बारा वर्षांच्या आत नको, आणि अशी दोन पुस्तकं पाठोपाठ तर अजिबात नकोत. मध्ये एखादं हलकं पुस्तक घाला, नाहीतर मूल वाचायचंच टाकून देतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या, त्यांना ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ म्हणतात. बडोद्याचा भाग थोड्या पानांचाच आहे. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस संस्थानच्या नोकरीसाठी येतो आणि राहायला जागा मिळत नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून, रोजच्या दीड रुपयावर तो वरच्या मजल्यावरच्या एका लहान खोलीत राहतो, शेजारी अडगळीने भरलेलं मोठं दालन. वीज नाही, रखवालदाराने आणून दिलेला एक लहान कंदील आणि दालनात फिरणारी वटवाघळं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून येतात. मित्रांकडे विचारून झाल्यावर तो कमाटीबागेत जाऊन बसतो, आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो.

तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना हे मोठ्याने वाचून दाखवा आणि मग लगेच कमाटीबागेत न्या. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पण जाण्याआधी एक काम द्या: यातली सालं तपासा. बाबासाहेबांच्या या आठवणींत भारतात परत येण्याचं साल सुरुवातीला १९१६ आहे आणि थोड्या ओळींनंतर १९१८. चरित्रकार १९१७ धरतात. मुलं विचारतात, मग हे खोटं का? खोटं नाही. जवळजवळ वीस वर्षांनी लिहिताना साल निसटतं, काठ्या निसटत नाहीत. घडलेल्या गोष्टीसाठी आठवण वाचा, तारखेसाठी कागद बघा. विद्यापीठाचे दाखले, बोटीची वेळापत्रकं, दरबारची पत्रं यांवरून साल पक्कं करतात. साक्षीदाराबद्दलचा आदर तसूभरही कमी न होता मूल पुरावा तपासायला शिकतं, आणि यासाठी बडोद्याच्या मुलांना याहून जवळचा मजकूर मिळणार नाही.

‘श्यामची आई’ सुद्धा याच नजरेने परत वाचता येते. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. आपण ती संस्कारासाठी वाचतो. मुलांना एकदा पेन्सिल देऊन सांगा, कर्ज, सावकार, जप्ती, कोर्ट हे शब्द येतील तिथे खूण करा. मग त्याच पुस्तकातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं कोकणातलं एक बुडत चाललेलं घर दिसायला लागतं. जोडीला सावकारी आणि जमीन यांवरचं एखादं साधं प्रकरण पुरे.

पुस्तक निवडताना चार-पाच पानं उलटून बघावीत. आधी मागची बाजू: लेखकाचं टिपण आहे का, आणि त्यात त्याने काय बदललं ते कबूल केलंय का? ते टिपण मुलाने कादंबरी संपल्यावर वाचावं, पालकांनी आधी. मग मुखपृष्ठामागचं पान: अनुवाद लिहिलंय, रूपांतर लिहिलंय की संक्षिप्त आवृत्ती? रूपांतरात माणसांची नावं आणि गावंही बदललेली असू शकतात, आणि संक्षिप्त आवृत्तीत नेमका इतिहासच गाळलेला असतो. पहिल्या आवृत्तीचं साल बघा, हातातल्या आवृत्तीचं नव्हे. माहितीपर पुस्तकात सूची हवी आणि फोटोखाली ठिकाण व साल हवं. ‘युद्धातील एक दृश्य’ एवढंच लिहिलं असेल, तर तो फोटो कुठला आहे हे लेखकालाही माहीत नाही. लेखक कुठेतरी ‘बहुधा’ म्हणत असेल तर पुस्तक घ्यायला हरकत नाही.

नकाशे फार फसवतात. १९३० च्या घटनेसाठी आजचा गुजरात काढलेला सर्रास सापडतो. त्यावर एक सोपा उपाय आहे. आजच्या नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवायचा आणि मेहसाणा, वडोदरा, नवसारी, अमरेली आणि द्वारकेकडचं ओखामंडळ असे तुकडे रंगवायचे. बडोदे संस्थान म्हणजे साधारण हे सुटे सुटे ठिगळ. हद्दी अगदी जुळणार नाहीत, पण मुद्दा कळतो. मग सुरत जिल्ह्यातली बारडोली ब्रिटिश मुलखात आणि शेजारचं नवसारी गायकवाडांचं, हे डोळ्यांना दिसतं, आणि १९३० च्या आंदोलनात त्या भागातले शेतकरी जप्तीला कंटाळून हिजरत करून संस्थानच्या हद्दीत का गेले, हे वेगळं समजावावं लागत नाही.

घरातली काळपट्टी जरूर करा, पण मापाने करा. एका वर्षाला ५ सेंटिमीटर धरले तर शंभर वर्षांना ५ मीटर लागतात. कॅलेंडरची मागची कोरी बाजू चिकटवत गेलं की पट्टी होते. जगासाठी एक रंग, देशासाठी दुसरा, आपल्या घरासाठी तिसरा. हमखास चूक ही, की १९३९ ते १९५० मध्ये चिठ्ठ्यांची गर्दी होते आणि सगळं निरुपयोगी होतं. त्या बारा वर्षांची वेगळी पट्टी करा, वर्षाला २० सेंटिमीटर, म्हणजे २ मीटर ४०. घराचा रंग रिकामा राहिला तर मुलाची गोडी जाते. आजीचा जन्म, पणजोबांची बदली, पहिला रेडिओ, काहीही चालेल.

एका विषयाला सहा आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात फक्त नकाशा आणि तीन तारखा, जास्त नाही. पुढचे तीन आठवडे दीडशे पानांची कादंबरी, आठवड्याला पाच दिवस, रोज दहा पानं. मोठ्याने वाचलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. परदेशातल्या मुलांना मराठी अक्षरं जुळवायला वेळ लागतो. तिथे नऊ पानं आईने किंवा बाबाने वाचावीत, एक मुलाने. पुस्तक इंग्रजी असेल तरी चालेल, गप्पा मराठीत माराव्यात. दर प्रकरणानंतर प्रश्न विचारू नका, त्याने कादंबरीचं पाठ्यपुस्तक होतं. खूणचिठ्ठीवर पात्रांची नावं लिहून द्या, परकी नावं विसरली की मुलं पुस्तक सोडतात. पाचव्या आठवड्यात माहितीपर पुस्तकाची निवडक चाळीस-पन्नास पानं आणि वहीत तीन रकाने: कादंबरीत काय होतं, खरं काय, कुठे सापडलं. सहाव्या आठवड्यात एखादं ठिकाण आणि एक जुनं माणूस.

विषय हवा असेल तर एक सुचवते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीतून इराणमार्गे आलेल्या पोलिश मुलांना जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ पासून आसरा दिला, आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्याच वळिवड्यात पुढे फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. एक गुजरातेतलं गाव, एक महाराष्ट्रातलं, आणि दोन्हींत अख्खं महायुद्ध.

पुस्तकांसाठी मांडवीजवळच्या मध्यवर्ती लायब्ररीत जा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, पेट्यांतून खेडोपाडी पुस्तकं पाठवली. मुलांना तिथली काचेची फरशी जरूर दाखवा. खालच्या मजल्यावरच्या कपाटांना उजेड मिळावा म्हणून ती तशी आहे.

जुनं माणूस मात्र शोधायला जायला नको. १९६० मध्ये दहा वर्षांचे असलेले इथेच पुढच्या रांगांत बसलेत. आपल्याकडे पुस्तकं संयुक्त महाराष्ट्राची मिळतात: नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७. गुजरातीत महागुजरातची, म्हणजे वेगळ्या गुजरात राज्यासाठीच्या चळवळीची, मिळतात: ८ ऑगस्ट १९५६, अहमदाबादचा गोळीबार. बडोद्यातल्या मराठी घरात त्या दिवसांत काय बोललं जात होतं, ते त्यांनाच विचारावं लागेल. मुलाने रेकॉर्डिंगसाठी मोबाइल दोघांच्या मधोमध ठेवावा, आधी स्वतःचं नाव, समोरच्याचं नाव आणि तारीख बोलावी, वीस मिनिटांच्या वर जाऊ नये. ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारलं तर ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारावं: तुमच्या वर्गात त्या वर्षी मराठी मुलं किती होती? शाळेची भाषा बदलली का? घरात कोण गाव सोडून मुंबईला गेलं, आणि कुठल्या महिन्यात? आणि शेवटी, अजिबात न लाजता: आजोबा, हे तुम्ही स्वतः पाहिलं, की कुणी सांगितलं?