कुठे उतरणार?

(अंधार. नळातून आधी हवेचा फुसफुस आवाज, मग पाणी. दिवा लागतो.)

कांदिवलीच्या या इमारतीत पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पाणी येतं आणि तासाभरात जातं. म्हणून या बाई पाचला उठतात. पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर पुष्कळ येतात. यांची आई गिरगावच्या चाळीत चार वाजता नळावर उभी असायची. आयुष्य किती बदललं, हे विचारायला ती आता नाही.

नाव सांगू नका, असं त्यांनी बजावलंय. आपण त्यांना ताई म्हणू.

ताईंचे हात बघा. कणीक रात्रीच मळून, वरून तेलाचा हात फिरवून फ्रिजमध्ये ठेवलेली. मटकी फडक्यात बांधून मोड आणलेली. खोबरं रविवारी खवून फ्रीझरमध्ये. कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी: खाली डाळ, मध्ये तांदूळ, वर दोन बटाटे. कुकर चढला की ताई आंघोळीला जातात आणि जाताना मुलाला शिट्ट्या मोजायला सांगतात. चार शिट्ट्यांत आंघोळ. एकदा तो मोजायला विसरला, तेव्हा बाथरूममधूनच आवाज आला, "चार झाल्या, बंद कर!" म्हणजे मोजत त्याच असतात.

सासूबाईंना रात्रीची कणीक चालत नाही. त्यांच्या दोन पोळ्यांपुरती सकाळी वेगळी मळायची. रात्री वाचवलेल्या दहा मिनिटांतली चार इथे परत गेली.

खरं सांगायचं तर आम्ही कॅमेरा घेऊन निघालो होतो युक्त्या गोळा करायला. मुंबईकर वेळ कसा वाचवतात, एवढाच विषय होता. वही दोन दिवसांत भरली. दादरला पुलाचा जिना कोणत्या डब्यासमोर येतो, महिन्याऐवजी तीन महिन्यांचा पास का काढावा, इस्त्रीचे कपडे कोणत्या वारी टाकले की गर्दी नसते. मग आम्ही प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारायला लागलो. वाचलेल्या वेळाचं काय करता? आणि लोक गप्प व्हायला लागले.

(कांदिवली स्टेशन. इंडिकेटर. ताई पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर उतरतात.)

ताईंना जायचंय चर्चगेटला. त्या गाडी पकडतात उलटी, बोरिवलीची. एकच स्टेशन. बोरिवलीला गाडी रिकामी होते, तीच परत चर्चगेटला सुटते, आणि फलाटावरचा लोंढा आत घुसतो तेव्हा ताई खिडकीपाशी बसलेल्या असतात. याला रिटर्न मारणं म्हणतात. तिकीट तपासनिसाशी वाद नको म्हणून त्यांनी पास कांदिवलीचा नाही, बोरिवलीचा काढलाय. खर्च: पासाचे वरचे पैसे आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं.

सकाळपासून शिट्टी-शिट्टी वाचवणारी बाई इथे पंधरा मिनिटं सरळ उधळते. का, म्हणून विचारलं.

"उभी राहून गेले तर तो तास रेल्वेचा. बसले तर माझा."

(लेडीज डबा. मांडीवर पिशव्या.)

त्यांच्या तासात काय चालतं, ते इथे दिसतंय. शेजारच्या मावशी गवार मोडतायत. समोर मेथी निवडणं चाललंय, देठं एका पिशवीत, पानं दुसऱ्या. लसूण सोलायला मात्र बंदी. सालं उडतात आणि भांडणं होतात. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली. तेव्हापासून संध्याकाळच्या किती भाज्या या रुळांवर निवडल्या गेल्या असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही. भाजी संपली की ताई डोळे मिटतात. वांद्र्यापासून दादरपर्यंत. बसलेला तास आपला म्हणायचा, त्यातली स्वतःसाठी उरतात ती एवढी मिनिटं.

इथे एक वाक्य सतत कानावर पडतं. "कुठे उतरणार?" बाहेरगावच्या माणसाला वाटेल चौकशी चाललीय. चौकशी कसली, हे बुकिंग आहे. तुम्ही अंधेरी म्हणालात की तुमची जागा विचारणारीची झाली. ती बसायच्या आधी तिच्या मागची तिला विचारून मोकळी होते. पुढचा तासभर कोणती जागा कुणाची, हे सगळं तोंडी ठरलेलं असतं आणि सहसा कुणी शब्द मोडत नाही. जिनं विचारलं नाही, ती चर्चगेटपर्यंत उभी.

घरातही असंच असतं, असं मला वाटायला लागलंय. वेळ रिकामा झाला रे झाला की त्याला विचारणारं कुणीतरी उभं असतं.

(मेट्रो. घाटकोपर.)

८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर. बसनं तास-दीड तास खाणारं अंतर वीस-बावीस मिनिटांवर आलं. मुंबईत एका फटक्यात इतका वेळ फार कमी गोष्टींनी वाचवला असेल. घाटकोपरचा एक तरुण आम्हाला म्हणाला, पहिले दोन महिने मी घरी लवकर यायचो, बाबांबरोबर चहा व्हायचा. मग ऑफिसला कळलं की सगळे आता लवकर पोचू शकतात. साहेबांनी सकाळची मीटिंग नऊला आणली.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये वेळ-वापर सर्वेक्षण केलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. हेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आकडे देशाचे आहेत, मुंबईचे नाहीत. फरक २०१ मिनिटांचा. धीम्या गाडीनं चर्चगेट ते बोरिवली जवळजवळ तीन खेपा होतील. मिक्सर आला, गॅस आला, कुकर आला, तरीही.

आता थोडं विषयांतर, पण मिनिटांचंच.

(क्रॉफर्ड मार्केटचं घड्याळ.)

या शहराची एकेकाळी स्वतःची वेळ होती. मुंबई टाइम. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबई काही ऐकेना. महापालिकेची घड्याळं पुढची कित्येक दशकं, थेट १९५० च्या दशकापर्यंत, जुन्याच वेळेवर चालत राहिली. ही वेळ कुणाची, असं तेव्हा दोनदा विचारावं लागायचं. शेवटी काटे पुढे सरकवले गेले. एकोणचाळीस मिनिटं गेली ती गेलीच. ताईंना हे सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "तेवढ्यात माझ्या पोळ्या होतात."

(लालबाग. गिरणीची चिमणी. बाजूला काचेचा टॉवर.)

घड्याळावरून इतकं भांडणाऱ्या या शहरात गिरणी कामगाराला मात्र सुट्टी अशी नव्हतीच. भोंगा झाला की आत, अंधार पडला की बाहेर. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्याचे. मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' या पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. साडेपाच हजार कामगारांनी ते मान्य केलं. मागण्या वाचल्या की थक्क व्हायला होतं, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबू द्या.

अर्धा तास. त्यासाठी निवेदन.

मालकांनी दाद दिली नाही. लोखंड्यांनी सोडलं नाही. रविवार हा खंडोबाचा वार, असंही ते सांगत. कामगाराला पटेल आणि मालकाला मोडता येणार नाही, असं ते कारण होतं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी कबूल केली.

गंमत म्हणजे मुंबईचे डबेवाले आपली सुरुवात सांगतात तीही १८९० चीच. एकाच साली शहराला सुट्टी मिळाली आणि घरचं जेवणही कामावर पोचायला लागलं. डब्याबद्दल सगळे जग जिंकल्यासारखं बोलतात. एक साधी गोष्ट कुणी बोलत नाही. डबा सकाळी उशिरा उचलला जातो, म्हणून घरातल्या बाईला पहाटे तो भरावा लागत नाही. त्या वेळेला झोपता येतं.

(दुपार. फोर्ट.)

आता थोडा वेळ निवेदन नको. नुसतं बघा.

(हॉर्निमन सर्कलची बाग. बाकावर बूट काढून झोपलेला माणूस, पोटावर ऑफिसची बॅग, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. क्रॉफर्ड मार्केटमध्ये पाटीत अंगाचं मुटकुळं करून पडलेला हमाल. टॅक्सीच्या उघड्या दारातून बाहेर आलेली दोन पावलं.)

पुणेकरांच्या एक ते चारला आपण फार हसतो. मुंबईची वामकुक्षी चालते ती अशी, बॅग धरून. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, १८७० ची इमारत. वरच्या सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, खाली रस्त्यावर हॉर्न. सभासद पुस्तक छातीवर पालथं घालून पडलेले असतात. एका आजोबांना विचारलं, किती वर्षं येता? डोळे न उघडता म्हणाले, "वाचायला की झोपायला?"

(पोळी-भाजी केंद्र. शटर अर्धं खाली.)

आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिली गेलेली युक्ती ही: पोळ्या बाहेरून आणतो. तर त्या येतात इथून. मावशी सकाळी सहाला शेगडीसमोर बसतात. दुपारी दोन ते तीन फरशीवर चटई टाकून पडतात. आमचा कॅमेरा आत आला तशा त्या दचकून उठल्या, पदर सावरला, "बोला, किती देऊ?" त्या एका तासातली दहा मिनिटं आम्ही खाल्ली. सांगायला हवं म्हणून सांगतेय.

गिरणगावात अशाच बायका घरात खानावळ चालवायच्या. दोन खणांच्या खोलीत गावाकडून आलेल्या कामगारांच्या पंगती उठायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकाराचा फास सैल केला. कुणाचं तरी जेवण वेळेवर झालं की त्याच्या मागे कुणाची तरी पाठ दुखते, हे त्या संस्थेनं हिशेबात धरलं. आपण पोळ्यांची पिशवी उचलताना धरतो का, मला शंका आहे.

(रविवार. रुळांवर नारिंगी जॅकेट घातलेले कामगार. घोषणा ऐकू येते.)

मेगाब्लॉकला शिव्या न घातलेला मुंबईकर सापडणार नाही. पण विचार करा. रात्री एकच्या सुमारास शेवटची गाडी जाते, चारनंतर पहिली सुटते. मधल्या तीन तासांत रुळांची सगळी दुरुस्ती होत नाही. म्हणून रविवारी काही तास मार्ग बंद ठेवतात, आधी जाहीर करतात, वेळापत्रक छापतात. लोक चिडतात, पण गाडी नाही म्हणजे नाही, हे मान्य करतात. रुळाला कुणी म्हणत नाही, पाचच मिनिटं जरा उठतोस का, पाहुणे आलेत.

ताईंचा रविवार? खोबरं खवणं, मटकी, आठवड्याचं वाटण, इस्त्रीचे कपडे. दुपारी मटणानंतर सगळं घर घोरतं. त्या वेळी ताई मोबाइलवर रील्स बघतात. झोपा की, म्हटलं तर म्हणाल्या, "झोपले तर दुपार संपेल ना."

(चर्चगेट. संध्याकाळ. इंडिकेटरवर दोन गाड्या.)

एक जलद, एक धीमी. ताई जलद सोडून देतात. धीमीत चढतात, खिडकी पकडतात. चर्नी रोडला समुद्राचा एक तुकडा दिसतो आणि इमारतींआड जातो. संध्याकाळी पिशवीत भाजी नाही. फोन पर्समध्ये आहे, पर्सची चेन लावलेली.

धीमीनं पंधरा मिनिटं जास्त लागतात. घरी काय सांगता?

"गाडी लेट होती."

रोज?

"रोज कुठे, आठवड्यातून तीनदा." मग एकदम सावध होऊन म्हणाल्या, "हे एवढं काढून टाका हं." दादर गेलं. माहीम गेलं. डोळे मिटलेले. सांताक्रूझच्या आसपास, तशाच, "राहू द्या. नाव मात्र सांगू नका."

अंधेरीला गर्दी आत आली. एक कॉलेजची मुलगी ताईंच्या गुडघ्यांपाशी येऊन उभी राहिली, खांद्यावर जड सॅक. ती वाकली.

"काकू, कुठे उतरणार?"

ताईंनी डोळे उघडले नाहीत.

"बोरिवली."