पाटी आणि पोट

हर्णै बंदर. दुपार कलली की होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात आणि वाळूवरच लिलाव उभा राहतो. समोर सुवर्णदुर्ग. सुरमई, पापलेट, कोळंबी... बोली चढते तसा आवाजही.

या गर्दीतल्या एका बाईचा चेहरा आपण दाखवणार नाही. हात बघा. कोळंबी सोलणाऱ्या याच बाईनं धाकट्या जावेचं मूल नऊ महिने पोटात वाढवलं. आजारपणात जावेचं गर्भाशय काढावं लागलं होतं. स्त्रीबीज जावेचं. सरोगेट आईचं, म्हणजे दुसऱ्यांचं मूल पोटात वाढवणाऱ्या बाईचं, स्वतःचं बीज वापरायला सरोगसी कायद्यानं बंदीच आहे.

ठरलं ते मे महिन्यात, चाकरमानी घरी आले तेव्हा. ही ती ओटी. दीर म्हणाला, "वैनी, तुम्ही नाय म्हटलंत तर आम्ही कोणाकडं जायचं?" सासूबाई शेजारीच बसलेल्या. कायदा लेखी संमती मागतो, गर्भ रोपण्याआधी ती मागे घ्यायची मुभाही देतो. पण सगळ्या घरासमोर विचारल्यावर नकाराला जागा किती उरते?

मग कागद. बाई विवाहित, स्वतःचं मूल असलेली, वय २५ ते ३५; आयुष्यात एकदाच. तिच्या शरीराच्या नि मनाच्या तपासणीचा दाखला. जावेला सरोगसीची गरज आहे, असं जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. ३६ महिन्यांचा विमा. आणि मूल कोणाचं, ताबा कोणाकडे, याचा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश. मूल जन्मल्यावर जन्माचा पुरावा म्हणून हाच चालतो. फाईल बघा, दोन्ही हातांनी धरावी लागते.

२५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात पैशाला जागा नाही. दवाखान्याचा खर्च, विमा, नियमात बसणारा इतर खर्च एवढंच मिळतं; मोबदला नाही. व्यापारी, म्हणजे मोबदला देऊन केलेली सरोगसी चालवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड. गरीब बायकांचा बाजार मांडला जात होता, तो थांबायलाच हवा होता. पण २०१७ साली संसदेच्या स्थायी समितीनं सुचवलं होतं की बाईला वाजवी भरपाई मिळावी, बुडालेली मजुरीही त्यात धरावी. ते घेतलं गेलं नाही. दवाखाना, वकील, सगळ्यांना त्यांची फी मिळते, तेव्हा परोपकार एकटीनंच का करायचा?

मूल मुंबईत आहे, सुखरूप. सिझेरियन झाल्यामुळे हिला बरेच महिने मासळीची पाटी उचलता आली नाही. तिची ठरलेली गिऱ्हाइकं त्या काळात दुसरीकडे वळली.