थापी ते टेंडर

(दृश्य – गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला चढाचा रस्ता, ऑक्टोबरची सकाळ, कडेला उंच चिऱ्याची भिंत, खाली शेवाळ अजून ओलं)

ही भिंत काकांनी बांधली. चार पावसाळे गेले तिच्यावरून आणि अजून रेषेत आहे. आता काका काय करतायत बघा, भिंतीत जी भोकं ठेवलीयत त्यात सळी घालून एकेक भोक मोकळं करतायत, कारण मागची माती पाणी पिऊन फुगली आणि पाण्याला बाहेर यायला वाट नसली की ते सगळं वजन भिंतीवर येतं आणि भिंतीला पोट येतं, मग एखाद्या जुलैच्या रात्री ती रस्त्यावर. साईटवर याला वीप होल म्हणतात. हे काम काकांना कोणी सांगितलेलं नाही, पैसेही कोणी देणार नाही, रस्त्यानं जाता जाता थांबले आणि करायला लागले.

आणि या भिंतीच्या फायलीत काकांचं नाव कुठेच नाही.

काम दुसऱ्याच्या नावावर निघालं होतं, काकांनी ते पेटी कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, म्हणजे टेंडर एकाचं, लायसन एकाचं, बिल एकाचं, आणि चिरा, माल, माणसं, घाम दुसऱ्याचा. गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत, त्यातल्या कितीतरी गावांत गटारं, पायवाटा, संरक्षक भिंती, अंगणवाडीची दुरुस्ती अशी कामं करणारी माणसं हीच आहेत. माझे बाबाही हेच करायचे. म्हणून हा व्हिडिओ, गवंड्याचा कॉन्ट्रॅक्टर कसा होतो आणि ते त्याला शिकवतं कोण, यावर.

(दृश्य – वाळपईचा बाजार, सकाळचे साडेसात, कामाच्या वाटेकडे बघत उभे असलेले मजूर)

काका मूळचे गवंडी. वयाच्या सोळाव्या वर्षी थापी हातात घेतली, ओळंबा लावायला मामांनी शिकवलं. मग स्वतःची चार माणसं झाली, मग आठ. कॉन्ट्रॅक्टर कधी झालात असं विचारलं तर म्हणाले, "बाय, झालो कुठं अजून? लोक म्हणतात फक्त."

सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे या पट्ट्यात अजून एक गोष्ट घडली. सुप्रीम कोर्टानं 7 फेब्रुवारी 2018 ला 88 खाण लीज रद्द केली आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. टिप्पर दारात उभे राहिले, हप्ते चालूच. टिप्परच्या मालकांतले काहीजण माती टाकायच्या, खोदाईच्या कामाला लागले आणि मग बांधकामाच्या. त्यांच्याकडे मशीन होती पण काँक्रीट माहीत नव्हतं, काकांसारख्यांना काँक्रीट माहीत होतं पण कागद माहीत नव्हता.

आता सरकार काय शिकवतं ते बघू. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, अठरा कारागिरीत गवंडीही आहे. पाच ते सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, पुढे पंधरा दिवसांचं ॲडव्हान्स, ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 चं व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाख असं तारण नसलेलं कर्ज. चांगली योजना आहे, मनापासून सांगते. काकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सर्टिफिकेट दिलं आणि ते त्यांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. कौशल्य विकास योजनेतही आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन दाखला देतात, आरपीएल म्हणतात त्याला. ग्रामीण घरकुलांसाठी 45 दिवसांचं गवंडी प्रशिक्षण आहे, त्यात शिकता शिकता खरं घर उभं राहतं, आणि मला विचाराल तर हीच शिकवायची खरी रीत.

पण हे सगळं गवंड्याला जास्त चांगला गवंडी करतं. गवंड्याचा कॉन्ट्रॅक्टर व्हायची जी पायरी आहे ती यात येत नाही. ती पायरी कुठं लागते ते आता सविस्तर दाखवते.

(दृश्य – डिचोलीतलं छोटं झेरॉक्सचं दुकान, कॉम्प्युटर, ड्रॉवरमध्ये रबरबँडनं बांधलेले यूएसबी टोकन)

टेंडर आता ऑनलाईन भरायचं असतं. त्याला डिजिटल सिग्नेचर लागते, ती पेनड्राईव्हसारख्या टोकनमध्ये येते. काकांचं टोकन या ड्रॉवरमध्ये आहे, पिन पण दुकानदाराकडेच, आणि काका इथं फोन करून सांगतात, "अमुक कामाला इतके टक्के बिलो टाक." दुकानदार माणूस भला आहे, त्याच्यावर माझा काही आरोप नाही, पण ही सही आहे हो काकांची! कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक दुसऱ्याच्या ड्रॉवरात ठेवल्यासारखं आहे हे. काकांना हे टोकन कसं वापरायचं ते कोणी शिकवलं नाही, आणि शिकवायला एक दुपार पुरते, आम्ही शूटिंगच्या दिवशी शिकवलं तर दीड तासात त्यांनी स्वतः लॉगिन केलं.

आता तो बिलोचा आकडा. समजा एस्टिमेट 10 लाखांचं आहे आणि तुम्ही 22 टक्के बिलो टाकलं, म्हणजे काम 7 लाख 80 हजारात करणार. हे 22 कुठून आले असं काकांना विचारलं. म्हणाले, मागच्या वेळी कोणीतरी 20 टाकले होते. बस्स, एवढाच हिशोब. रेट ॲनालिसिस, म्हणजे एक घनमीटर काँक्रीटला सिमेंट किती, खडी किती, रेती किती, मजुरी किती, मशीनचं भाडं किती, चढावर माल डोक्यावरून न्यायला लागला तर त्याची वेगळी मजुरी किती, हे कागदावर कधीच मांडलेलं नसतं, डोक्यात असतं आणि डोक्यात काही गोष्टी निसटतात. काकांच्या डोक्यातून कायम निसटणारी गोष्ट म्हणजे क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओतल्यावर ते काही दिवस ओलं ठेवणं.

क्युरिंगवर थोडं थांबते कारण यातच कामाचा दर्जा आणि पैसा दोन्ही आहेत. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलंय की साध्या ओपीसी सिमेंटचं काँक्रीट निदान सात दिवस ओलं ठेवायचं, आणि मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस. आपल्याकडे दुकानातून येणारी पोती बरीचशी पीपीसीची, म्हणजे मिश्रच. म्हणजे दहा दिवस, आणि काम बहुतेक मार्च-एप्रिलात ऊन डोक्यावर असताना, एक माणूस पाणी मारायला हवा, गावात नळाला पाणी नसेल तर टँकर हवा. हे रेटमध्ये धरलं नाही तर तिसऱ्या दिवशी तो माणूस दुसऱ्या साईटवर जातो. मग साईटवरचं काँक्रीट कच्चं राहतं आणि मग सगळे म्हणतात छोट्या कॉन्ट्रॅक्टरचं काम असंच. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचा एक ठोकळा भरतात, त्याला क्यूब म्हणतात, पण क्यूबला आणि साईटच्या काँक्रीटला वेगवेगळी वागणूक मिळते, क्यूब टाकीत पडून असतो, पायवाट उन्हात, म्हणून क्यूब पास झाला तरी पायवाटेचा पापुद्रा निघतो. हे सगळं काकांना आमच्याबरोबर आलेल्या एका रिटायर्ड ज्युनियर इंजिनिअर सरांनी साईटवर उभं राहून सांगितलं, बोटानं पापुद्रा काढून दाखवला, आणि काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, हे तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर."

(दृश्य – काकांच्या घरचा ओटा, काकी वही उघडून बसल्यात)

हिशोब काकी ठेवतात. रोजची हजेरी, कोणाला किती उचल दिली, दुकानातून किती पोती आली, सगळं त्यांच्या वहीत, अक्षर बघा किती सुंदर. कुठल्याही ट्रेनिंगला बोलावणं येतं ते काकांना, काकींना नाही, आणि माझ्या मते ही फार मोठी चूक आहे, कारण या धंद्याचं ऑफिस म्हणजे काकी आहेत.

काकींनी मला एक बिल दाखवलं आणि विचारलं, "आमचे पैसे कापले ते गेले कुठं गं?" म्हणून इथं मांडतेच. समजा जीएसटी सोडून 5 लाखांचं बिल आहे आणि कॉन्ट्रॅक्टर एकटा माणूस आहे, कंपनी नाही. त्यातून इन्कम टॅक्सचा टीडीएस 1 टक्का म्हणजे 5,000 कापतात. बांधकाम कामगार सेस 1 टक्का, आणखी 5,000. काम अडीच लाखांच्या वर असलं की जीएसटीचा टीडीएस 2 टक्के, 10,000. आणि सिक्युरिटी डिपॉझिट, ते टेंडरप्रमाणे बदलतं, समजा 5 टक्के धरलं तर 25,000. झाले 45,000. आता यातले टीडीएसचे 5,000 रिटर्न भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. जीएसटीचे 10,000 जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्याच कॅश लेजरमध्ये येतात, फक्त तिथं जाऊन ते स्वीकारायचे असतात. डिपॉझिट दुरुस्तीची मुदत संपली की अर्ज करून मागायचं. फक्त सेसचे 5,000 परत येत नाहीत, आणि ते पैसे कामगारांच्या कल्याणासाठी असतात, म्हणजे तुमच्याच माणसांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केली तर त्यांना उपयोग होतो, वर्षात 90 दिवस काम आणि वय 18 ते 60 एवढी अट. काकींच्या वहीत गेल्या काही वर्षांतली 3 डिपॉझिट निघाली जी मागितलीच नव्हती. मागायची असतात हेच माहीत नव्हतं.

माझ्या बाबांचं असंच एक डिपॉझिट राहिलं. एका ऑफिसात ते चार वेळा गेले, दर वेळी वेगळा कागद मागितला, पाचव्यांदा गेलेच नाहीत. त्या पैशांत माझ्या बारावीची फी होणार होती म्हणून मला तो आकडा अजून पाठ आहे.

अजून एक गैरसमज, गावोगाव ऐकला. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, काढलं की टेंडरची अनामत माफ होते असं सगळे सांगतात. उद्यम जरूर काढा, बँकेत उपयोग होतो, पण सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी केंद्राचं 2012 चं जे खरेदी धोरण आहे ते वस्तू आणि सेवांसाठी, बांधकामाच्या ठेक्यांना ते लागू नाही. या भरवशावर अनामत न भरता टेंडर टाकलं तर ते पहिल्या पाकिटातच, म्हणजे दर उघडायच्या आधीच, बाद होऊ शकतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण ती सुरुवातीची भिंत. कॉन्ट्रॅक्टर म्हणून वरच्या वर्गात रजिस्ट्रेशन हवं तर पूर्ण केलेल्या कामाचा दाखला हवा, दाखला हवा तर काम स्वतःच्या नावावर हवं, आणि पेटीवर केलेली तीस वर्षांची कामं मोजायला कोणी तयार नाही.

(दृश्य – फर्मागुडीची टेकडी, आयटीआय, पलीकडे इंजिनिअरिंग कॉलेज)

हे कोडं सुटतं का? एका देशानं सोडवायचा प्रयत्न केलाय. दक्षिण आफ्रिकेत 2004 साली सरकारनं सार्वजनिक कामांचा मोठा कार्यक्रम सुरू केला, त्यात नवख्या कॉन्ट्रॅक्टरांसाठी वुकुफिले नावाची शिकाऊ योजना आहे, झुलू भाषेत अर्थ साधारण 'उठा आणि जगा'. त्यात वर्गातलं शिक्षण आहेच, पण त्याबरोबर सरकारी खातं किंवा नगरपालिका शिकणाऱ्यांना खरी कामं द्यायचं आधीच कबूल करते, पहिलं लहान, पुढचं त्याहून मोठं, आणि पूर्ण वेळ एक अनुभवी मेंटर सोबत. शिवाय तिथल्या कॉन्ट्रॅक्टर नोंदणीत 1 ते 9 ग्रेड आहेत आणि सर्वात खालच्या ग्रेडला आधीच्या कामाचा दाखला लागत नाही. म्हणजे दार उघडं. तिथंही पैसे उशिरा मिळतात, काही जण मधेच गळतात, सगळं गोड नाही. तरी शिकणं आणि काम मिळणं एकाच गाडीला जोडलं ही गोष्ट मला फार पटली.

गोव्यात हे करायला काय कमी आहे? या टेकडीवर आयटीआय आहे, पलीकडे इंजिनिअरिंग कॉलेज आहे जिथं सिव्हिलचं शिक्षण चालतं, तालुक्या-तालुक्यात रिटायर्ड इंजिनिअर घरी बसलेत ज्यांना एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही, कशी लिहितात ते झोपेत विचारलं तरी येतं. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर छोट्या कॉन्ट्रॅक्टरचं काम जवळजवळ बंदच असतं, वर्ग घ्यायचे तर ते चार महिने आहेत, चवथीचा आठवडा सोडून. आणि ऑक्टोबर उजाडला की प्रत्येक शिकणाऱ्याला पंचायतीचं एक छोटं गटार, त्याच्या नावावर. भाषा मराठी किंवा कोंकणी असावी, टेंडरचे शब्द इंग्रजी राहू देत, ते कळतात सगळ्यांना, समजावणं आपल्या भाषेत हवं.

(दृश्य – रात्र, ओटा, बल्बखाली काका-काकी, मधे वही)

शूटिंग संपता संपता काकांनी एका पायवाटेचं टेंडर स्वतः भरलं. आधी दोन रात्री दोघं वही घेऊन बसले. सिमेंट, खडी, रेती, चढावरची मजुरी, आणि काकींनी खाली वेगळी ओळ लिहिली: पाणी मारणं, 10 दिवस, 1 माणूस. बेरीज केली तर 4 टक्के बिलोच्या खाली जाताच येत नव्हतं. काकांनी 4 टाकले. टेंडर उघडलं तेव्हा कोणीतरी 27 टक्के बिलो टाकून घेऊन गेलं होतं.

मला वाईट वाटलं, काकांना विचारलं, पुढच्या वेळी कमी करणार का.

"27 मध्ये ती पायवाट होत नाही बाय," ते म्हणाले, "मी मोजलीय." आणि काकींना म्हणाले, गुरुवारी दुसरं एक निघतंय, वही इथंच असू दे.