एकटा न राहणारा आर्थर

मित्रहो, आत्ताच आपण माइक मिल्सचा 'बिगिनर्स' पाहिला. दिवे लागल्याबरोबर मागच्या रांगेतून आवाज आला, "कुत्रा काय गोड आहे!" गोड आहेच तो. पण तेवढ्यावर थांबलो तर या चित्रपटाचा गाभा हातून निसटेल, असं मला वाटतं. म्हणून मी आज मुख्यतः आर्थरबद्दलच, म्हणजे त्या कुत्र्याबद्दलच, बोलणार आहे.

प्रेमकथेत, त्यातून विनोदी प्रेमकथेत, कुत्रा असणं जुनंच आहे. १९३७ सालच्या 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये कॅरी ग्रँट आणि आयरीन डन घटस्फोटासाठी कोर्टात उभे आहेत आणि भांडण चाललंय ते मिस्टर स्मिथ नावाच्या कुत्र्यावरून. न्यायाधीश म्हणतात, त्यालाच ठरवू द्या. दोघं हाका मारायला लागतात, आणि बायको सगळ्यांची नजर चुकवून त्याला त्याचं खेळणं दाखवते. कुत्रा अर्थातच तिच्याकडे. संसार मोडायला निघालेली माणसं कुत्रा सोडायला तयार नाहीत, हे दिसलं की या दोघांचं अजून संपलेलं नाही हे प्रेक्षकाला कळून चुकतं. आपल्याकडे १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी तर तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी करणारा टफी शेवटी निशाची चिठ्ठी प्रेमऐवजी राजेशच्या हातात नेऊन देतो आणि सगळा गुंता सुटतो. तो तिथे देवाचा दूत आहे.

आर्थर कुठलाही गुंता सोडवत नाही. तो फक्त एकटा राहू शकत नाही.

हे नीट बघा. नायक ऑलिव्हरचे वडील, हॅल, नुकतेच गेलेत. ऑलिव्हर त्यांचं घर आवरतो आणि त्यांचा जॅक रसेल टेरियर आपल्या घरी आणतो. मग एखाद्या पाहुण्याला दाखवावं तसं एकेक खोली दाखवत फिरतो. त्या रिकाम्या घराची ओळख आपल्याला होते ती अशी, कुत्र्याला उद्देशून बोललेल्या शब्दांतून. पण ऑलिव्हर बाहेर पडला की आर्थर रडायला लागतो. त्यामुळे तो जाईल तिथे आर्थर बरोबर. मित्र ओढून नेतात त्या वेषांतराच्या पार्टीलासुद्धा. तिथे ऑलिव्हर मनोविश्लेषक फ्रॉइड झालाय, कोचावर येणाऱ्यांची दुःखं ऐकून घेतोय. आणि कोचावर येऊन आडवी होते ॲना. तिचा घसा बसलाय, म्हणून ती वहीत लिहून विचारते: दुःखात आहेस, तर पार्टीला का आलास?

या दोघांची जोडी विजोड का, तर भाषा किंवा देश वेगळा म्हणून नव्हे. ती फ्रेंच नटी, सतत हॉटेलांतून राहणारी. हा लॉस एंजेलिसमध्ये चित्रं काढत बसलेला. वरवर दोन टोकं. पण ती म्हणते की अशा फिरत्या आयुष्यात माणसं सोडून जाणं सोपं असतं, तेव्हा हा उत्तर देतो की एका जागी राहूनही माणसांना सोडून जाण्याचे मार्ग सापडतात. दोघंही निघून जाण्यात तरबेज. आणि त्यांच्या मध्ये बसलाय एक प्राणी, ज्याला कुणी निघून गेलेलं सहनच होत नाही. मला ही या चित्रपटाची सर्वांत हुशार मांडणी वाटते. विनोद तिथून येतो आणि गलबलूनही तिथूनच येतं.

आता आर्थरच्या बोलण्याबद्दल. आपल्याला दीडशेपर्यंत शब्द कळतात पण आपण बोलत नाही, असं तो सांगतो. आणि तेही पडद्यावरच्या अक्षरांतून. ना त्याला आवाज दिलाय, ना जबडा हलवून त्याला बोलतं केलंय. कॉस्मो नावाचा तो कुत्रा फक्त बघतो. फिल्म सोसायटीतल्या जुन्या मंडळींना रशियन दिग्दर्शक कुलेशोवचा प्रयोग आठवला असेल: एकच निर्विकार चेहरा, शेजारच्या चित्राप्रमाणे आपणच त्यात भूक, शोक, माया वाचतो. मिल्सनं शेजारी चित्राऐवजी वाक्य ठेवलं. आर्थरचे शब्द खरं तर ऑलिव्हरचेच आहेत, हे आपण क्षणभरही विसरत नाही. ॲना भेटल्यावर आर्थर सुचवतो की आत्ताच्या आत्ता काही केलं नाहीस तर हा अंधार आपल्याला बुडवेल, हे तिला सांग. हे वाक्य ऑलिव्हरच्या तोंडी दिलं असतं तर कुणालाही भाबडं वाटलं असतं. कुत्र्याच्या शांत चेहऱ्याखाली ते वाचताना आपण हसतो आणि त्याच वेळी ते खरं मानतो.

हॅलबद्दल बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर, पंचाहत्तराव्या वर्षी, तो मुलाला सांगतो की आपण समलिंगी आहोत. हे मिल्सच्या स्वतःच्या वडिलांचं आयुष्य. तेही पंचाहत्तराव्या वर्षीच बोलले. मला सर्वांत आवडलेला प्रसंग अगदी छोटा आहे. हॅल रात्री मुलाला फोन करून विचारतो की क्लबमध्ये वाजत होतं ते संगीत कसलं? मुलगा सांगतो, बहुतेक हाऊस म्यूझिक. आणि म्हातारा ते कागदावर लिहून घेतो. बस, एवढंच. एवढ्या वयात नवा शब्द टिपून घेण्याची ती उत्सुकता क्रिस्टोफर प्लमरनं ज्या सहजपणे दाखवली, ती बघून माझा कंठ दाटून आला. या भूमिकेसाठी २०१२मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. तोवर अभिनयाचं ऑस्कर इतक्या वयात कुणालाच मिळालं नव्हतं.

म्हणजे बाप सुरुवात करायला शिकलाय आणि मुलाला ते येत नाही. हॅलचा तरुण मित्र अँडी विचारतो, मी समलिंगी आहे म्हणून तू मला टाळतोस का? ऑलिव्हर म्हणतो, नाही, माझ्या वडिलांचं तुझ्यावर इतकं प्रेम होतं म्हणून. मत्सराची इतकी स्वच्छ कबुली प्रेमकथांत क्वचित ऐकू येते. आणि ते प्रेम पाहिलेला, बापाच्या घरातून मुलाच्या घरात आलेला साक्षीदार एकच: आर्थर.

शेवटाबद्दल काही जणांची तक्रार मी आत्ताच ऐकली, की काही घडतच नाही. ऑलिव्हर आणि ॲना पुन्हा एकत्र येतात, पलंगावर बसतात, आता पुढे काय, याचं उत्तर दोघांकडेही नाही, आणि चित्रपट थांबतो. मला हा शेवट अतिशय योग्य वाटतो. लग्न लावून दिलं असतं तर ते टफीच्या चिठ्ठीसारखं बाहेरून आलेलं उत्तर झालं असतं. या दोघांच्या बाबतीत उत्तर ठाऊक नसताना खोलीत बसून राहणं, उठून निघून न जाणं, हीच तर सगळ्यात मोठी घडामोड आहे.