‘ह्यांना ताप आहे हो’

नमस्कार श्रोतेहो.

सोमवारची सकाळ. रात्रीची अजून उतरलेली नाही, नवरा अंथरुणात. पहिल्या पाळीची वेळ टळत चाललेली. शेवटी बायकोच कंपनीत फोन लावते, ‘‘साहेब, ह्यांना रात्रीपासून ताप आहे हो.’’

समुपदेशन करताना या तापाची गोष्ट मी किती घरांतून ऐकली असेल! त्या बाईला नावं ठेवायला मी इथे बसलेलो नाही. पगार कापला गेला तर किराणा अडतो तिचाच. पण त्या फोनमुळे दारूची झळ पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, ती घरच सोसतं. मग त्याने उपचार घ्यावेत तरी कशाला? पुढच्या खेपेला आवाज न चढवता एवढंच म्हणा, ‘‘आज फोन तुम्हीच करा.’’ गुत्त्यावरची उधारीही त्यांनाच निस्तरू द्या. घरात मारहाण होत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत. आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा.

आणखी एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. प्यायला की भांडण, आणि एखाद्या दिवशी न पिता आला की मागचे सगळे हिशेब! मग न पिण्यात त्याला फायदा काय? त्या दिवशी हिशेब राहू द्या. ताट वाढा, ‘आज बरं वाटलं’ म्हणा. 1999 साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये 130 कुटुंबीयांवर झालेला एक अभ्यास आहे. ज्यांना असं वागायला शिकवलं, त्यांच्यापैकी शंभरातल्या 64 जणांचं माणूस उपचाराला आलं. सगळ्यांनी मिळून समोर बसवून बोलायचं, ही रीत ज्यांना शिकवली तिथे हाच आकडा 30.

भिंतीवर जाहिरात असते, ‘न कळवता दारू सोडवा’. ती पूड भाजीत मिसळू नका, हात जोडून सांगतो. अशा पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू बंद करणंही तितकंच धोक्याचं. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

तो तयार होईपर्यंत तुम्ही थांबायची गरज नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. अल-अनॉन हा तर पिणाऱ्यांच्या घरच्यांचाच गट, त्याच्या सभा खास त्यांच्यासाठीच असतात. व्यसनमुक्तीच्या 14446 या सरकारी टोल फ्री क्रमांकावर तुम्हीही फोन करू शकता.

बोलायचं ते रात्री नाही, सकाळी, शुद्धीवर असताना. शपथा घालू नका, त्या त्याने आधीच ढीगभर घेतल्यात. ‘तुम्ही असे, तुम्ही तसे’ नको. ‘परवा तुम्ही जिन्यात पडलात, मी घाबरले. दवाखान्यात माझ्याबरोबर याल?’ एवढं पुरे. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा, पुन्हा कधीतरी काढा.

आणि ‘हो’ म्हणालेच, तर ते ‘हो’ संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून केंद्रात जागा कधी मिळते, खर्च किती, सोबत कोण जाणार, हे आजच विचारून ठेवा. दोन जोड कपडे आणि आधार कार्ड पिशवीत घालून कपाटात ठेवून द्या.